मुक्कामी दाखला

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्या गावात ट्रॅक्टरांचा आवाज सुरू होतो. शेतातल्या ट्रॅक्टरचा आवाज वेगळा आणि माणसं न्यायला आलेल्या ट्रॅक्टरचा वेगळा. पहिला लांबून येतो आणि जातो. दुसरा दारात उभा राहून तासभर धडधडत राहतो, कारण एकदा बंद केला तर पुन्हा चालू होईल याची ड्रायव्हरला खात्री नसते. मागे दोन ट्रॉल्या. त्यांत बाजा, पत्रे, पाण्याच्या टाक्या, पिठाचे डबे, शेळ्या, डालग्यातल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर माणसं. आज सकाळपासून तीन ट्रॅक्टर गेले. मी ग्रामपंचायतीच्या खिडकीतून पाहत होतो. पाहत होतो म्हणजे डोळे तिकडे होते, एवढंच.

मी या ग्रामपंचायतीत लिपिक आहे. जन्माची नोंद, मृत्यूची नोंद, घरपट्टी, नळपट्टी, रहिवासी असल्याचा दाखला, हयात असल्याचा दाखला. म्हातारा माणूस समोर खोकत उभा असतो आणि तो जिवंत आहे हे मी त्याला लिहून देतो. माझी बायको म्हणते, "तुमच्या अंगात आता रगत न्हाई, शाई हाय." आधी हे ती हसून म्हणायची. त्या हंगामानंतर हसणं गेलं आणि वाक्य तेवढं राहिलं.

तो हंगाम. सहा वर्षं झाली असतील. गाव असंच रिकामं झालेलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही, पण ऊसतोडीला गेलेलं गाव म्हणजे काही ओसाड गाव नव्हे. ज्वारी उभी असते, बोरं पिकलेली असतात, पऱ्हाटीला उशिराची चार बोंडं लटकलेली असतात, ऊन कसं छान कोवळं असतं. सगळं जागच्या जागी असतं आणि माणूस नसतो. म्हातारी तेवढी ओट्यावर बसलेली. कुत्रीही भुंकायचं सोडून देतात, कारण भुंकावं असं कोणी येतच नाही. दुपारी माझ्या टेबलावरच्या घड्याळाची टिकटिक मला मारुतीच्या पारावर ऐकू यायची.

निघायच्या दिवशी बाया घर सारवून जातात. भिंती, चूल, उंबरा, सगळं. सहा महिने त्यावर कोणाचं पाऊल पडणार नसतं. मी एकदा सिंधूला विचारलं होतं, "कावून सारवतीस गं? कोन बघनार हाय?" ती हात शेणाचे तसेच ठेवून म्हणाली, "घर बघतं की, दाजी." सिंधू माझ्या बायकोच्या माहेरची, वडवणीच्या पलीकडल्या एका वाडीची. नात्यानं तशी कोणी नाही, पण एका वाडीच्या लेकी म्हणून बायको तिची अक्का आणि मी दाजी. सातवीपर्यंत शिकलेली. पुढं शिकली नाही, कारण आईबाप तोडीला जायचे आणि धाकट्यांना सांभाळायला कोणी तरी लागायचं. मग लग्न होऊन आमच्या गावात आली, ती इथूनही तोडीलाच जायची.

तोडीच्या कामात एक हिशेब आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम विचारतो, "किती कोयते?" म्हणजे किती जोड्या. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार, पण मोजताना दोघं मिळून एक. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. आमच्याकडे हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की घरी जेवायला कोण येणार हेही माणसं कोयत्यात सांगतात. मीही तसाच मोजायचो. सिंधू आणि तिचा नवरा दत्ता, एक कोयता. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

त्या साली माळावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. चौसाळ्याकडून लांबलचक गाड्या यायच्या. एकेका पात्याला वळण घेता यावं म्हणून फाट्यावरची बाभळ तोडली गेली. कामाला परमुलखातली माणसं आली होती. ती आधी तंबूत राहायची, मग थंडी वाढली तशी गावात खोल्या मागू लागली. गावात खोल्यांना तोटा नव्हता. निम्म्या घरांना कुलपं होती आणि कुलपांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, कारण जाताना लोक किल्ली माझ्याकडे ठेवून जातात. पुढारी नको, भाऊबंद नको, कारकून बरा. कारकुनाला कशाचंच काही पडलेलं नसतं, असा त्यामागचा विश्वास.

पण परकी माणसं, वर थोड्या दिवसांची. काही कमी-जास्त झालं तर कोण निस्तरणार? म्हणून आमच्या ग्रामसेवकांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, ठराव मांडला. घर थोड्या मुदतीसाठी भाड्यानं द्यायचं तर ग्रामपंचायतीचा परवाना पाहिजे. घरपट्टी भरलेली पाहिजे, संडास पाहिजे, राहणाऱ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती पाहिजेत, एका घरात चाराच्या वर माणसं नकोत, बाईमाणूस असलेल्या घरात परके पुरुष ठेवायचे नाहीत, आणि मुदत गुढीपाडव्यापर्यंत. कागदावर त्याचं नाव बरंच लांब होतं. गावानं त्याला मुक्कामी दाखला म्हणायला सुरुवात केली. मसुदा माझाच. खरं सांगू, मला त्या मसुद्याचा अभिमान होता. कुठे भोक ठेवलं नव्हतं.

घरमालकाची संमती हवी होती आणि घरमालक उसाच्या फडात. तेव्हा संमती फोनवर घ्यायची असं ठरलं. मी एकेकाला फोन लावत गेलो. दत्ताची टोळी त्या साली कडा गावाच्या बाजूला होती, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. मागे पाचटाचा सळसळाट, गाडीवाल्याच्या शिव्या. मी म्हटलं, "दत्ता, घर देतो का बे पवनचक्कीवाल्यांना? पाडव्याला तू यायच्या आत मोकळं करून देतो."

"द्या की," तो म्हणाला. "तसंबी बंदच हाय."

मी अर्जावर लिहिलं, घरमालकाची संमती दूरध्वनीवरून घेतली. कोयत्याला विचारलं, कोयता हो म्हणाला. सिंधूला विचारायचं राहिलं असं मी म्हणणार नाही. राहायला आधी मनात तरी यावं लागतं.

तिच्या घरात चार माणसं राहायला आली. त्यांच्यात एक वयस्कर वेल्डर होता, डोळे कायम लाल. संध्याकाळी त्या घरातून मोहरीच्या तेलाचा वास यायचा. आमच्या गल्लीला तो वास नवा होता. म्हाताऱ्या नाकाला पदर लावायच्या आणि तिथेच बसून राहायच्या, तेवढाच विरंगुळा. दारावर मी मुक्कामी दाखला चिकटवला होता. घर क्रमांक, माणसं चार, मुदत, गोल शिक्का. शिक्का सरळ बसला होता, हे आठवतं.

संक्रांतीच्या अलीकडे सिंधू आली. दुपारची वेळ, मी डबा उघडलेला. चौसाळ्याला एसटीतून उतरून वडाप जीपमध्ये कोंबून घेऊन आलेली. पोट पुढे, पाय सुजलेले, डोक्यावर एक बोचकं. आठवा सरत आलेला. मुकादमानं बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर तिला सोडलं होतं. दत्ता तिकडेच, अर्धा कोयता होऊन राहिलेला. मागच्या खेपेचं मूल फडातच झालं होतं आणि आठव्या दिवशी गेलं होतं, म्हणून या खेपेला तिनं हट्टच धरला होता की बाळंतपण गावात, आपल्या घरात, दवाखाना जवळ. गावी यायच्या आधी तिनं अंगणवाडीच्या बाईला फोन करून नावसुद्धा सांगून ठेवलं होतं.

"दाजी, किल्ली द्या," ती म्हणाली.

दत्तानं तिला सांगितलंच नव्हतं. मी भाकरीचा घास तोंडात घोळवत तिला मुक्कामी दाखला म्हणजे काय ते सांगितलं. अटीसुद्धा सांगितल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग मी कुटं जाऊ?"

आम्ही तिच्या घरापाशी गेलो. वेल्डर बाहेर बसून भांडी घासत होता. त्याला परिस्थिती सांगावी लागली नाही, त्यानं पोटाकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला. "भाभीजी, हम लोग स्कूल में सो जाएँगे," तो म्हणाला. "आज ही।" बाकीच्या तिघांनीही माना डोलावल्या. एकानं तर आत जाऊन अंथरूण गुंडाळायला घेतलं.

आणि मी म्हणालो की शाळेत झोपायला वेगळी परवानगी लागते.

मी वाईट माणूस नाही. निदान त्या क्षणी मी वाईट हेतूनं बोललो नव्हतो. शाळा माझ्या अखत्यारीत नव्हती, मुख्याध्यापक रजेवर, भाऊसाहेब तालुक्याला मीटिंगला, सोमवारी येणार. परवाना रद्द करायचा तर घरमालकाचा अर्ज पाहिजे आणि घर दत्ताच्या नावावर. मी दत्ताला फोन लावला, आवाज मोठा केला, सिंधू शेजारी उभी. तो म्हणाला, "आता त्यांला उठवायचं कसं, अण्णा? शब्द देऊन बसलोय. दोन-चार दिवस तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या की." मग म्हणाला, "सिंधे, ऐकायलीस का?" ती म्हणाली, "ऐकायले." तेवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. मला रागावलेल्या माणसांची सवय आहे, त्यांना कोणता कागद आणायचा ते सांगता येतं.

ती दोन दिवस आमच्याकडे राहिली. आमची खोली एक आणि एक स्वयंपाकघर, पोराची दहावी. बायको म्हणत होती, राहू दे, मी करते तिचं बाळंतपण, पोराला पारावर बसून वाचू दे. मी म्हणालो, सोमवारी भाऊसाहेब आले की बघू. मी नाही म्हणालो नाही. इतकी वर्षं मी कोणालाच नाही म्हणालेलो नाही. सोमवारी बघू, एवढंच म्हणत आलो.

त्या दोन दिवसांत ती दुपारी आमच्या ओट्यावर बसून स्वतःच्या घराकडे बघायची. चार घरं सोडून तर होतं. तिचं सारवण त्या माणसांच्या बुटांनी उखडलं होतं आणि दाराशी वाळूची घमेली होती. दुसऱ्या दिवशी ती बायकोला म्हणाली, "अक्का, पाव्हन्यात बाळंत हुन्यापरीस नवऱ्यापाशी तरी हुईन." सोमवार उजाडायच्या आत, रविवारच्या सकाळच्या गाडीनं ती परत गेली. मी तिला फाट्यापर्यंत सोडलं. बोचकं गाडीत चढवून दिलं. कंडक्टरला सांगितलं की बाईला पुढची सीट द्या. परत आल्यावर अंघोळ केली आणि जेवलो. मेथीची भाजी होती.

माणसं विचारतात, म्हणजे कोणी विचारलेलं नाही, मीच स्वतःला विचारतो, की तेव्हा काय वाटलं. काही वाटलं नाही. हे सांगायला लाज वाटायला पाहिजे, पण तीही नीट वाटत नाही. इंजेक्शन दिलेल्या हिरडीवर जीभ फिरवावी तसं मी त्या दिवसांवरून फिरून येतो. आपलंच आहे हे कळतं, लागत मात्र नाही. सोमवारी भाऊसाहेब आले. मी प्रकरण सांगितलं. ते म्हणाले, "अटीत बसत नव्हतं ना? मग झालं." मी म्हणालो, "हो."

आठ-दहा दिवसांनी बातमी आली की तिला पाचटाच्या कोपीत, फडावरच्या झोपडीत, मुलगी झाली. पहाटे सुरुवात झाली आणि गाडी मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. टोळीतल्याच एका म्हातारीनं केलं. पोरगी जगली. बायकोनं देवापुढं साखर ठेवली आणि मला दिली नाही. मी मागितलीही नाही.

पुढच्या वर्षी मी एकदा भाऊसाहेबांना सुचवून पाहिलं, की मुक्कामी दाखल्याच्या अर्जावर घरमालकाच्या बायकोचीही सही घ्यावी. ते हसले. "कोयता एक, सही एक. दोन सह्या घ्यायला गेलो तर अर्ज येतील का?" मी तो विषय सोडला. आता तर छापील अर्ज आहेत. पवनचक्क्या उभारून झाल्या, सध्या सौरऊर्जेवाले येतात. माळावर उभं राहिलं की पाती फिरताना दिसतात, संथ, कोणाची घाई नसल्यासारखी. लोक आता त्यांच्याकडे मान वर करूनही बघत नाहीत.

सिंधूची मुलगी आरती गावात वाढली असं म्हणता येणार नाही. सहा महिने गावात, सहा महिने फडात. त्या साली पाडव्याला सिंधू तिला घेऊन नोंदीसाठी आली होती आणि मी सांगितलं होतं की जिथं जन्म तिथं नोंद, तिकडच्या कार्यालयात जा. ते नियमानं बरोबर होतं. पुढच्या हंगामात त्यांची टोळी दुसरीकडे गेली, मग तिसरीकडे, आणि नोंद राहिली ती राहिलीच. शाळेत नाव घालताना जन्मतारीख अंदाजानं टाकलेली. आता तोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठीच्या वसतिगृहात तिला ठेवायचं सिंधूनं ठरवलंय. पण वसतिगृहवाले जन्मदाखल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. जागा मिळाली तर पोरगी राहील आणि शिकेल. नाही मिळाली तर ट्रॉलीत बसेल, आणि फडात पोरं एकदा कामाला लागली की पुढं काय होतं ते सिंधूला सांगायची गरज नाही.

दत्ताचा ट्रॅक्टर वीस दिवसांनी जाणार आहे. आज सकाळी सिंधू पोरीला घेऊन कार्यालयात आली. केसांत बरंच पांढरं झालंय. तिशीच्या आतबाहेरची बाई.

"दाजी, आरतीचा दाखला काढायचाय. काय काय लागंल?"

उशिराच्या नोंदीचं प्रकरण जन्म झाला तिकडच्याच तहसीलला जातं, पण कागद इथं तयार करता येतात. आमच्याकडे नोंद नसल्याचा दाखला मी दिला. सोबत आईचं प्रतिज्ञापत्र लागतं, तेही मीच लिहायला घेतलं. नाव, जन्मतारीख, जन्माचं ठिकाण. मग रकाना येतो, नोंद वेळेत न होण्याचं कारण. त्या रकान्यात काय लिहायचं ते आमच्या सगळ्या कारकुनांच्या हाताला पाठ आहे. हात आपोआप चालला. अर्जदार अशिक्षित असल्याने व अज्ञानामुळे नोंद करणे राहून गेले. मी कागद तिच्यापुढे सरकवला, सहीची जागा बोटानं दाखवली.

तिनं सही केली नाही. कागद उचलला आणि ओठ न हलवता वाचला. एका जागी थांबली, पुन्हा वाचलं.

"हे आसं कावून लिवलं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला ठावं व्हतं की समदं. आठव्यात गावाकडं यायचं, अंगणवाडीत नाव सांगायचं, दवाखान्यात जायचं. मी आलते. तुमीच तर व्हता."

बाहेर ट्रॅक्टर धडधडत होता.

"खरं लिहू का?" मी विचारलं.

"लिवा की."

मग मी तिला ते सांगितलं जे सांगणं माझं काम होतं. खरं लिहिलं तर चौकशी लागेल. राहतं घर असताना बाई बाळंतपणाला परत का गेली, हे विचारतील. तो मुक्कामी दाखला बाहेर काढतील, दत्ताचा जबाब होईल, माझा होईल, भाऊसाहेबांची तर बदली झालीय, त्यांना बोलावतील. वर्ष जाईल, कदाचित जास्त. हे सगळं खरं होतं. आणि त्यात माझी कातडी वाचत होती, हेही खरं होतं. बोलताना मला दोन्ही दिसत होतं, आणि तरी मी सावकाश, एकेक मुद्दा घेऊन, समोरच्या माणसाला समजेल असं बोलत राहिलो. मला ते चांगलं जमतं.

"आन् हे आसंच ठिवलं तर?"

"पंधरा दिवस. फार तर अठरा."

ती पोरीकडे बघत राहिली. पोरगी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायचा प्रयत्न करत होती, एका अक्षराशी अडली होती. सिंधूनं तिला ते अक्षर सांगितलं. मग पदरानं हात पुसला आणि पेन मागितलं.

"ऱ्हाऊ द्या मंग अज्ञान," ती म्हणाली.

आणि तिनं सही केली. पूर्ण नाव, वेलांट्या-उकार जिथल्या तिथं, एकही अक्षर रेषेबाहेर नाही. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. तिनं कागद माझ्याकडे फिरवला. अर्जदार अशिक्षित असल्याची खात्री पटल्याबद्दल खाली साक्षीदाराची सही लागते. ती मी केली.